नव्या नौकेची पारख

नौकांचें प्रदर्शन भरलें, म्हणजे नव्या शिडाच्या नौकेभोंवतीं गर्दी लोटते. कोणी तिच्या रंगाची चकाकी वाखाणतो, कोणी आंतील गाद्यांवर बसून पाहतो, आणि बहुतेक जण किंमत ऐकून, “हे श्रीमंतांचे चोचले!” असें म्हणत पुढें सरकतात. आमच्या मतें यांपैकीं कोणींच नौका पाहिली नाहीं.

पारखी मनुष्य प्रथम खालीं वांकतो. तळाखालीं शिशासारख्या जड धातूचा कणा असतो. वारा नौकेला एका अंगावर कलंडवूं लागला, कीं हाच भार तिला पुन्हां सरळ करितो. परंतु पाण्यांत उतरल्यावर तो कोणासही दिसत नाहीं. मग तो सुकाणूं हलवून पाहतो, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचे जोड न्याहाळतो आणि विचारतो, “भर समुद्रांत हें मोडलें, तर माझा हात येथवर पोंचेल काय?” गाद्यांचा विचार त्यानंतर.

या कसोटीस उतरलेली एक नौका गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधली गेली. श्री. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत तयार झालेली ही ५६ फुटी ‘म्हादेई’ २००९ सालीं नौदलाच्या स्वाधीन झाली. ती बांधली जात असतांनाच कमांडर दिलीप दोंदे तिच्या कामांत लक्ष घालीत होते. त्याच वर्षीं ऑगस्टांत ते मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेंत चार बंदरांत थांबून, मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. पुढें २०१२-१३ सालीं त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं कोठेंही न थांबतां प्रदक्षिणा केली.

२०१७-१८ सालीं तिच्याच धर्तीच्या ‘तारिणी’ नौकेंतून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं वाटेंत थांबत पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूं बिघडल्यामुळें त्यांस मॉरिशस बेटावर थांबावें लागलें. पारखी माणसाचा प्रश्न पोकळ नव्हे, हें यावरून कळेल.

कोणी पालक म्हणतील, “आम्ही सह्याद्रीच्या अलीकडचे. सूसच्या मुलांस समुद्राशीं काय कर्तव्य?” परंतु या प्रदक्षिणेची कल्पना ज्यांनीं उचलून धरली, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीस राहत असत, आणि ‘तारिणी’वरील प्रतिभा जामवाल या तर कुलूच्या डोंगरांतल्या. समुद्र दूर असला, म्हणून मनही त्यापासून दूर असलें पाहिजे, असें नाहीं.

आमचें सांगणें एवढ्यापुरतेंच नाहीं. मुलांचा जीवनमार्ग निवडतांनाही आपण असेच गाद्यांवर बसून पाहतों. पगार किती, खुर्ची कोठली, एवढेंच विचारतों; आणि हातांत रंधा किंवा पाना घेणारास कमी लेखितों. ज्यानें एखादी वस्तु स्वतः जोडली, उलगडली आणि दुरुस्त केली, त्यास संकटांत परक्याच्या तोंडाकडे कमी पाहावें लागतें. हें शिक्षण मुलांइतकेंच मुलींसही हवें.

म्हणून, पालकहो, अशा प्रदर्शनास मुलांमुलींना अवश्य न्या. किंमत मागून विचारा. आधीं त्यांना खालीं वांकून कणा पाहूं द्या.