खोटा अंगठा आणि खोटी नोंद



सातबाऱ्यावर परक्याचे नाव लागले, न काढलेल्या कर्जाचा बोजा चढला, कपाशीच्या रानात ऊस उभा राहिला, की कचेरीत उत्तर ठरलेले: 'कॉम्प्युटरची चूक.' कॉम्प्युटरला ना जमीन हवी, ना कर्ज. मुद्दाम फिरवलेली नोंद ही चूक नव्हे, बनावट दस्तऐवज आहे. खोट्या अंगठ्याला जी शिक्षा, तीच तिला हवी.

हा पेच इतरांनाही पडला. इंग्लंडात गोल्ड आणि शिफ्रीन हे दोघे दुसऱ्याचा परवलीचा शब्द वापरून प्रेस्टेल या टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत शिरले. खटला बनावटगिरीच्या १९८१ च्या कायद्याखाली चालला. खालच्या कोर्टाने दंड केला, पण वरच्या कोर्टात दोघे सुटले आणि १९८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती सुटका कायम केली. का? तर तो शब्द यंत्रात क्षणभरच टिकला, त्याला दस्तऐवज कसे म्हणावे! १९९० साली नवा कायदा करावा लागला. जर्मनीने १९८६ सालीच २६९ वे कलम घातले होते: कागदावर असती तर जी खोटा दस्तऐवज ठरली असती, ती माहिती यंत्रात भरणाराही बनावटगिरीचाच गुन्हेगार.

आपल्याकडे २००० साली दंडविधानात 'दस्तऐवज' या शब्दाशेजारी 'इलेक्ट्रॉनिक अभिलेख' आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो आहे. ३३७ व्या कलमाखाली सरकारी नोकराने ठेवलेल्या नोंदवहीच्या बनावटीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हत्यार घरात आहे, गंजते आहे.

कारण महसूल संहितेचे १५५ वे कलम. ते लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. बोट चुकले असेल तर खुशाल लावा. पण लबाडीलाही तेच लावले, की नोंद जाग्यावर येते आणि चोरही जाग्यावरच राहतो.

आणि चोर परदेशात बसलेला निघाला तर? २००१ च्या बुडापेस्ट कराराचे ७ वे कलम नेमके याच बनावटीचे आहे. सही करणाऱ्या देशांनी हा गुन्हा आपापल्या कायद्यात आणायचा आणि पुराव्यासाठी एकमेकांना मदत करायची. मसुदा करताना आम्हाला विचारले नाही, म्हणून दिल्ली बाहेर राहिली. रुसवा समजतो, पण यंत्रातला पुरावा रुसवा निघेपर्यंत थांबत नाही.

बैठकीला येताना जुना आणि नवा, दोन्ही उतारे आणा. अर्ज सर्वांचा एकच: नोंद कुणाच्या लॉगिनमधून, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली ते लेखी द्या, तो तपशील पुसू नका, आणि कपट दिसले तर ३३७ लावून गुन्हा नोंदवा.