सव्वातीन वर्षांची सत्ता

आर्यभट हा भारताचा पहिला उपग्रह बंगळुराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये जुळवला गेला, ही गोष्ट इथे नव्याने कामाला लागलेल्या पोराला कुणी ना कुणी पहिल्या आठवड्यातच सांगतो. सांगणाऱ्याची छाती फुगते आणि ती फुगायलाच हवी. डॉ. उडुपी रामचंद्र राव यांच्या हाताखालच्या तरुण इंजिनिअरांनी कारखान्याच्या साध्या छपराखाली ३६० किलोचा उपग्रह उभा केला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटने तो वर नेला. २०२५ मध्ये त्याला ५० वर्षे झाली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ जूनच्या सकाळी, याच बंगळुरात भौतिकशास्त्राच्या एका मराठी प्राध्यापकाला पोलिसांनी पकडले. आदल्या रात्री आणीबाणी पुकारली गेली होती. प्रा. मधू दंडवते तेव्हा राजापूरचे खासदार होते. पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदेच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी ते इथे आले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही आले होते. चौघांचीही रवानगी सेंट्रल जेलमध्ये झाली. दंडवत्यांचा तुरुंगवास अठरा महिने चालला. आर्यभटाची पन्नाशी पीण्यात साजरी झाली, या अटकेची पन्नाशी मात्र इथल्या मराठी माणसाच्या फारशी ध्यानात आली नाही. म्हणून या अंकाचे पहिले पान दंडवत्यांना दिले आहे.

मेट्रोने मॅजेस्टिकला उतरले की ते जुने जेल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आता त्याचे नाव फ्रीडम पार्क. मधला टेहळणीचा मनोरा आणि त्याच्या भोवतीच्या काही बराकी राखून ठेवल्या आहेत. मनोऱ्यावरच्या एका पहारेकऱ्याला सगळ्या बराकी दिसाव्यात अशी ती रचना. याच भिंतींच्या आत अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटातल्या त्या नायिका. त्यांना दम्याचा जुनाट विकार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या आपल्याला ऐकू यायच्या, असे दंडवत्यांनी नंतर आपल्या आठवणींत नोंदवले. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यावर थोड्याच दिवसांत स्नेहलताबाई गेल्या. फ्रीडम पार्कात आज संध्याकाळी मुले खेळतात, ते चांगलेच आहे. पण तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव माहीत असायला हवे.

त्याच काळात प्रमिलाताई दंडवते पुण्यात येरवड्याला कैदेत होत्या. नवरा एका राज्याच्या तुरुंगात, बायको दुसऱ्या राज्याच्या, आणि मध्ये पत्रे. ती पत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जायची. तरीही त्यांत पुस्तके, कविता, संगीत आणि एकमेकांची काळजी भरलेली असे. राजकारणातल्या जोडप्यांबद्दल आपल्याकडे फार हलके बोलले जाते. या दोघांचा पत्रव्यवहार वाचला की तसे बोलवत नाही.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, जन्म २१ जानेवारी १९२४. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवायला लागले. हे कॉलेज डॉ. आंबेडकरांनी उभे केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. घरातला पहिलाच शिकणारा मुलगा जिथे मोठ्या संख्येने येतो, तिथे अणुविज्ञान शिकवायचे तर एकेक पायरी नीट बांधावी लागते. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन जाणारे दंडवते आणि फळ्यावर समीकरण मांडणारे दंडवते हे एकाच स्वभावाचे होते. दाव्यामागे पुरावा हवा, असा तो स्वभाव. संसदेतही ते मंत्र्यांना आकडे विचारत आणि स्वतः आकडे घेऊन येत.

राजापूरची जागा त्यांच्याकडे दुःखातून आली. तिथले आधीचे खासदार बॅ. नाथ पै १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात गेले. बेळगावहून पीण्यात येऊन स्थिरावलेल्या घरांत आजही नाथ पैंचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांचा आवाज बदलतो. अशा माणसाच्या जागी उभे राहणे सोपे नव्हते. कोकणाने दंडवत्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून दिले. या दोन दशकांच्या खासदारकीत ते मंत्री किती काळ होते? मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री. जेमतेम सव्वातीन वर्षे. उरलेला सगळा काळ विरोधी बाकांवर किंवा तुरुंगात. सत्ता मिळाल्यावर काय करायचे हे ज्याने सत्ता नसतानाच वाचून, लिहून, हिंडून पक्के केलेले असते, त्याला एवढा वेळही पुरतो, असे आमचे ठाम मत आहे. त्याचा पुरावा आपल्यापैकी बहुतेकांच्या पाठीखालीच आहे.

दिवाळीच्या आदल्या रात्री यशवंतपूर स्टेशनवर उभे राहून पाहा. पीण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या शेडमधून पाळी संपवून थेट आलेली पोरे, नखांत अजून कटिंग ऑइल, हातात मिठाईचे खोके आणि आईसाठी घेतलेल्या साडीची पिशवी. बोनस याच आठवड्यात हातात पडलेला. बेळगाव-मिरजेच्या बाजूची रात्रीची गाडी लागते, धक्काबुक्की होते, आणि तासाभरात स्लीपरच्या डब्यात तीच पोरे निळ्या रेक्झिनवर गाढ झोपलेली असतात. १९७७ पर्यंत या झोपेच्या जागी उघडी लाकडी फळी होती. तिसरा वर्ग कागदावरून १९७४ मध्येच गेला होता, फळी मात्र तशीच राहिली होती. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम घालायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाच्या सोयी कमी करायला ते निघाले नव्हते. दुसऱ्या वर्गातल्या माणसालाही पाठ असते, एवढे त्यांनी ओळखले. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात वर्गच नव्हते.

फोमपेक्षाही मोठे काम वेगळे होते, आणि पीण्यातल्या कामगाराला ते लगेच कळेल. मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. रेल्वेमंत्री होताच दंडवत्यांनी त्यांना परत घेतले. गेटबाहेर काढलेल्या माणसाच्या घरात पहिल्या तारखेला काय होते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या निर्णयाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कोकण रेल्वेची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, पण एक तपशील इथल्या वाचकांसाठी. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. एक मूळचा मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार. भांडवलात ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, ६-६ टक्के गोवा आणि केरळचा, आणि १५ टक्के कर्नाटकाचा. प्रकल्पाला लागणारा बाकीचा पैसा रोख्यांतून उभा राहिला. सीमेवरून महाराष्ट्र आणि कर्नाटकाची तोंडे दोन दिशांना असताना याच दोन राज्यांनी एका रुळासाठी एका खात्यात पैसे घातले. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी तो रूळ डोंगर फोडून नेला आणि १९९८ मध्ये तो देशाला अर्पण झाला.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या सगळ्याच निर्णयांचे आम्ही गोडवे गाणार नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द केला, ते उत्तमच झाले. सराफ पेढीवरच्या कारागिराला त्याने मोकळा श्वास मिळाला. शेतकऱ्यांच्या दहा हजारांपर्यंतच्या कर्जाची माफी मात्र सहकारी बँकांच्या वसुलीला पुढे फार महाग पडली. शेतकऱ्याचे दुःख खरे होते, पण उपाय त्याला पुरा पडला नाही. इतक्या काटेकोर माणसाच्या हातून हे व्हावे याचे वाईट वाटते.

त्यांनी लिहिले भरपूर. मार्क्स आणि गांधी यांच्यावर, जयप्रकाशांवर, समाजवादी धोरणांच्या वाटचालीवर, आणि अखेरीस ‘डायलॉग विथ लाइफ’ हे आत्मचरित्र. बहुतेक इंग्रजीत, म्हणून मराठी घरांत ते कमी पोचले. आपण काय केले आणि का केले, याचा जबाब लोकांना लेखी द्यायचा असतो, असे ते मानत आले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. शिक्षकाचा देह विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडला.

या अंकात कविता आहेत, कथा आहेत, शेडमधल्या रात्रपाळीचे दोन सरस लेख आहेत. त्यांच्या लेखकांनी मशीन बंद झाल्यावर, डोळ्यांवर झोप असताना ते लिहिले आहेत. आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो. पुढच्या अंकासाठी एक विनंती. पीण्यातल्या आणि जालहळ्ळी, दासरहळ्ळी, यशवंतपूरच्या आपल्या घरांत १९७४ च्या संपाच्या किंवा आणीबाणीतल्या बंगळुराच्या आठवणी सांगू शकणारे आजी-आजोबा अजून आहेत. नातवंडांनी या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे, वही घ्यावी आणि ते सांगतील तसे उतरवून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही पाहू. मजकूर मार्चअखेरपर्यंत मंडळाच्या कार्यालयात पोचवावा.