लॉटची निवड आणि पाच गोळ्यांचा भ्रम

लांब पल्ल्याच्या निशाणी नेमबाजीत रायफल, नेमबाज आणि वारा यांच्या बरोबरीने निकाल ठरवणारा चौथा घटक म्हणजे काडतूस, आणि या घटकावर पकड मिळवण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील स्फोटक टोपी, दारू आणि गोळी हे चार भाग वेगवेगळे विकत घेऊन, पुंगळ्या वजनाने व जाडीने निवडून, दारू मिलिग्रॅमपर्यंत तोलून आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे विशिष्ट नळीला जुळवून ठरवून ते प्रत्येक काडतूस जवळजवळ एकसारखे करतात. या खटाटोपामागील कारण सरळ आहे. हजार यार्डांवर ७.६२ मिलिमीटरच्या गोळीचा नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला दहा मीटरने बदलला, तर लक्ष्यावरील तिची उंची सुमारे एक वीत बदलते, आणि ही चूक ना नेमबाजाच्या श्वासाची असते ना वाऱ्याची.

महाराष्ट्रातील नेमबाजाला हा मार्ग दोन कारणांनी बंद आहे. पहिले कारण कायद्याचे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि स्पर्धेसाठी काडतुसे विकत घेण्याची व बाळगण्याची मुभा म्हणजे ती घरी तयार करण्याची मुभा नव्हे, हे जिल्ह्याजिल्ह्यातील नव्या परवानाधारकांना वेळीच आणि स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. दुसरे कारण तांत्रिक आहे. येथील रायफल नेमबाजीचा मुख्य आधार असलेले .२२ लाँग रायफल, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे काडतूस, कडेवर पेटणारे असते. त्याला वेगळी टोपी नसते, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते आणि रायफलचा घोडा त्या कडेवरच आपटतो, त्यामुळे एकदा चेपलेली ही पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही. सारांश, परदेशी नेमबाज जे काम तराजूवर करतो ते येथील नेमबाजाला निवडीतून करावे लागते, आणि त्या निवडीचे एकक म्हणजे लॉट.

लॉट म्हणजे एकाच यंत्रावर, त्याच दारूच्या व त्याच शिशाच्या साठ्यातून, एका सलग पाळीत तयार झालेल्या काडतुसांचा समूह. त्याचा क्रमांक पेटीवर छापलेला असतो आणि काही उत्पादक त्यासोबत सरासरी वेगही छापतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये कडेची जाडी, गोळीवरील मेणाचा थर आणि पेट घेण्यातील सारखेपणा यांत सूक्ष्म फरक असतात. शिवाय एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवत नाही, कारण गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळी थरथरत असते. नळीचे तोंड त्या क्षणी वर चढत असेल तर उशिरा बाहेर पडणारी मंद गोळी थोड्या उंच कोनात सुटते आणि तिच्या वेगातील उणीव काही अंशी भरून निघते. जुन्या ली-एनफिल्ड रायफली लांब पल्ल्यावर अनपेक्षितपणे चांगल्या चालत त्यामागे हेच कारण होते, आणि आजच्या .२२ रायफलच्या तोंडाशी बसवले जाणारे सरकते वजन याच थरथरीची वेळ जुळवण्यासाठी असते.

हे फरक किती मोलाचे आहेत हे ५० मीटरच्या लक्ष्याच्या मापांवरून दिसते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीची कड वर्तुळाला स्पर्शली तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असले की १०.० मिळतात आणि त्यापुढचा प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेल्या गोळीचा वेग केवळ तीन मीटरने कमी झाला तर ५० मीटरवर ती सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास खाली उतरते, म्हणजे जवळजवळ तीन दशांश जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले ते ४४ गोळ्यांत ४५१.४ गुणांवर, म्हणजे एका गोळीमागे सरासरी १०.२६ च्या जवळ. गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही स्थिती धरून केंद्रापासूनचे अंतर सरासरीने सहा मिलिमीटरच्या आत. एवढ्या थोड्या जागेत काडतुसाने स्वतःचे तीन-चार मिलिमीटर मागून घेतले तर नेमबाजाच्या हातात फारसे काही उरत नाही.

मात्र लॉट निवडण्याची जी पद्धत सध्या सर्रास दिसते, ती निवड कमी आणि सोडत अधिक आहे. रायफल शिकंज्यात बसवली जाते, प्रत्येक लॉटच्या पाच गोळ्या झाडल्या जातात, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर, ज्याला गट म्हणतात, मोजले जाते, आणि सर्वांत लहान गटाचा लॉट वर्षभरासाठी उचलला जातो. संख्याशास्त्र या पद्धतीला अजिबात साथ देत नाही. पाच गोळ्यांचा गट हा स्वभावतःच अस्थिर असतो आणि काडतूस, नळी, हवा यांत काहीही न बदलता तो आपल्या सरासरीच्या सुमारे पाव हिश्श्याइतका इकडेतिकडे होतो. एकाच पेटीतील चाळीस काडतुसे आठ भागांत वाटून त्यांना आठ खोटे लॉट क्रमांक दिले, तरी त्या आठांतील सर्वांत लहान गट सरासरीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान येईल आणि सर्वांत मोठा गट त्याच्या दुपटीच्या आसपास जाईल. तरीही चाचणी घेणाऱ्याला खात्रीने वाटेल की एक लॉट उत्तम आहे आणि एक टाकाऊ. प्रत्येक क्लबने हा प्रयोग एकदा, लॉटचे क्रमांक झाकून, अवश्य करून पाहावा, कारण त्याला चाळीस काडतुसांपलीकडे खर्च नाही आणि त्याने जी शंका मनात बसते ती कोणत्याही व्याख्यानाने बसत नाही. तीन गोळ्यांच्या गटाबद्दल तर न बोललेलेच बरे. तो पाचांच्या गटापेक्षा सरासरी पाचव्या हिश्श्याने लहान दिसतो एवढ्याच कारणाने तो लोकप्रिय आहे.

यावर उपाय अवघड नाही, फक्त काडतुसे अधिक लागतात. गटाच्या टोकाच्या दोन छिद्रांऐवजी सर्व छिद्रांचे गटाच्या मध्यापासूनचे सरासरी अंतर मोजावे, कारण त्यात प्रत्येक गोळीची माहिती वापरली जाते. प्रत्येक लॉटच्या किमान चाळीस गोळ्या झाडाव्यात, म्हणजे त्या सरासरीतील अनिश्चितता आठ टक्क्यांच्या जवळ येते. पहिल्या फेरीचा उपयोग वाईट लॉट काढून टाकण्यापुरताच करावा, उरलेल्या दोन-तीन लॉटची नव्याने चाचणी घ्यावी आणि दुसऱ्या फेरीच्या निकालात पहिल्या फेरीचे आकडे मिसळू नयेत, कारण पहिल्या फेरीत निवडून आलेल्या लॉटला नशिबाचा थोडा हातभार लागलेलाच असतो. बहकलेली एकटी गोळी ‘माझी चूक’ म्हणून पुसून टाकण्याची सवय विशेष घातक आहे. शिकंज्यातील रायफलमध्ये नेमबाजाची चूक नसते, आणि शेकड्यात दोन गोळ्या बहकवणारा लॉट सरासरीत सुंदर दिसूनही साठ गोळ्यांच्या फेरीत अंतिम सामन्याची दारे बंद करतो. लॉट बदलला की नळीत आधीच्या लॉटच्या मेणाचा थर असतो, म्हणून मोजणी सुरू करण्याआधी नव्या लॉटच्या काही गोळ्या निव्वळ नळी स्थिरावण्यासाठी झाडाव्यात.

छत्रपती संभाजीनगरच्या नेमबाजांना यात तापमानाची एक वेगळी बाब जोडावी लागते. जानेवारीच्या सकाळी हवा दहा-बारा अंशांवर असते आणि मेच्या दुपारी चाळीसच्या वर जाते. ध्वनीचा वेग दहा अंशांना सेकंदाला ३३७ मीटर, तर चाळीस अंशांना ३५५ मीटरच्या आसपास असतो. स्पर्धेची .२२ गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा मंद ठेवलेली असते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि वाऱ्याने होणारे विचलनही वाढते. थंड सकाळी तीच गोळी त्या मर्यादेच्या अधिक जवळ असते, तिच्यावरील मेण कडक असते आणि दारूही किंचित वेगळी जळते. हिवाळ्यात उत्तम ठरलेला लॉट एप्रिल-मेच्या स्पर्धेत मागे पडला तर त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे आहे की बहुतेक नोंदवह्यांत तापमानाचा रकानाच नसतो. वेगमापक यंत्र जवळ असेल तर तो आकडाही लिहावा, पण वेगाचा सारखेपणा म्हणजे अचूकता असे मानू नये, कारण वर सांगितलेली थरथर कधीकधी वेगातील फरक झाकून टाकते.

दहा मीटरच्या एअर रायफलसाठीही हेच गणित लागू पडते, फक्त मापे आणखी लहान होतात. तेथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि एक दशांश पाव मिलिमीटरचा असतो, आणि ४.४९, ४.५० व ४.५१ मिलिमीटर डोक्याच्या पेलेटमध्ये निवड करावी लागते. पेलेट स्वस्त असल्याने शंभर-शंभरांची चाचणी न घेण्याला कोणतेही कारण उरत नाही.

इंग्लंडमधील बिस्लीच्या वार्षिक नेमबाजी मेळाव्यातील टार्गेट रायफल स्पर्धांनी काडतुसाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तेथे परंपरेने सर्व स्पर्धकांना आयोजकांकडूनच एकाच प्रकारची काडतुसे दिली जात आली आहेत, त्यामुळे वारा वाचण्याची कसोटीच शिल्लक राहते. त्याच मेळाव्यात राष्ट्रकुलातील संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर ज्या चषकासाठी झुंजतात तो कोल्हापूरच्या छत्रपतींच्या देणगीतून आलेला, १८७१ पासूनचा ‘कोलापूर कप’ आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात हा इतिहास अजून फारसा सांगितला जात नाही, ही खंत येथे नोंदवण्यास हरकत नसावी.

जागतिक दर्जाचे नेमबाज आपली रायफल घेऊन जर्मनीतील शोनेबेक येथील लापुआ किंवा बर्मिंगहॅम येथील एली या काडतूस उत्पादकांच्या चाचणी केंद्रात जातात आणि तेथे डझनभर लॉटमधून आपला लॉट निवडून त्याचा साठा राखून ठेवतात. खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना असलेल्या, वरणगावलाही तसाच कारखाना असलेल्या राज्यात स्पर्धेचे .२२ काडतूस अजूनही आयात करावे लागते, आणि मराठवाड्यातील विद्यार्थी-नेमबाजाच्या वाट्याला बहुधा त्या वेळी उपलब्ध असेल तोच लॉट येतो. राज्य व जिल्हा संघटनांना यात दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. आयात झालेल्या काडतुसांचे वाटप करताना एका नेमबाजाला एकाच क्रमांकाचा लॉट सलग मिळेल अशी व्यवस्था ठेवावी, कारण पाचशेच्या मागणीत चार लॉटच्या पेट्या मिसळल्या की कोणतीही चाचणी निरर्थक होते. दुसरे म्हणजे सामायिक लॉट-नोंदवही ठेवावी, जीत लॉट क्रमांक, झाडलेल्या गोळ्यांची संख्या, सरासरी अंतर, बहकलेल्या गोळ्या, तापमान आणि तारीख यांसोबत रायफलचा नमुना व नळीतून आजवर गेलेल्या गोळ्यांचा अंदाज लिहिलेला असेल. नवी नळी बसवल्यावर त्या रायफलच्या जुन्या नोंदी वेगळ्या पानावर ठेवाव्यात आणि चाचणी पहिल्यापासून सुरू करावी.