सलाईन निघाल्यानंतरचे वर्ष

20 फेब्रुवारी 2024 ची रात्र बुलढाणा जिल्ह्यातले डॉक्टर विसरलेले नाहीत. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद झाला आणि काही वेळातच लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दोनशेच्या आसपास माणसे दवाखान्यांत आणावी लागली. बिबीच्या दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि रस्त्यावर उपचार केले. सगळे वाचले, घरी गेले आणि बातमी संपली. अशा साथीनंतरच्या वर्षभरात त्या आतड्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारत नाही.

चिखलीत ओपीडीला बसणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक रुग्ण आहे. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या अर्धवट पट्ट्या. ‘‘डॉक्टरसाहेब, मागच्या पावसाळ्यात जुलाब लागले होते, तवापासून पोट ठिकाणावर नाही.’’ जेवण झाले की मुरडा येतो, संडासची घाई होते, जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. आपण ‘आव आहे’ म्हणतो आणि तीच गोळी पुन्हा लिहून देतो.

या रुग्णाच्या ‘तवापासून’ या शब्दात निदान दडलेले आहे. ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी 1962 मध्ये अशा 130 रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा रुग्णांचा त्रास आमांशानंतर सुरू झालेला आढळला. मे 2000 मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन या गावी नळाचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, 7 दगावले. संशोधकांनी साथ ओसरल्यावर गावाची पाठ सोडली नाही. दोन-तीन वर्षांनी तपासले, तेव्हा जुलाबाची खात्रीशीर नोंद असलेल्यांपैकी 36 टक्क्यांना इरिटेबल बॉवेल सिंड्रोम होता. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. आठ वर्षांनंतरही अनेकांचे पोट सुधारलेले नव्हते. वॉकर्टनची वस्ती आपल्या चिखलीच्या दहाव्या हिश्शाएवढी, पण तिथल्या नोंदी आज जगभर वाचल्या जातात.

संसर्ग गेला तरी आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी वाढलेल्या राहतात, सूक्ष्म दाह रेंगाळतो आणि आतड्याचे मज्जातंतू हळवे होतात. जुलाब जितके लांबलेले, ताप आणि रक्त जितके ठळक, तितका धोका जास्त. स्त्रियांना आणि मनावर ताण असलेल्यांना तो अधिक. प्रतिजैविके घेतलेल्यांतही धोका वाढलेला आढळला आहे, म्हणून साध्या जुलाबाला ओआरएस पुरेसे असताना हात आवरावा. बुरशी किंवा जिवाणूंच्या तयार विषाने झालेली बाधा सहसा एक-दोन दिवसांत ओसरते. म्हणूनच, संसर्ग की विषबाधा हे ओळखता यावे यासाठी, उलटी आधी की ताप आधी, रक्त पडले का, हे त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे.

एक सावधगिरी हवीच. वजन घटणे, रक्तक्षय, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप दिसला, तर ‘आतडे हळवे झाले’ म्हणून थांबू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षय आजही आहे आणि तो क्रोन्सच्या आजारासारखाच दिसतो.

अशा नोंदी आपणही ठेवू शकतो. संशोधन मोठ्या शहरातच होते, हा समज आपल्या शेजारच्या देहेडच्या सुपुत्राने, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी खोटा ठरवला. महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून ठेवलेल्या त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या गेल्या. बुलढाणा, जालना आणि वाशीम येथे 2024-25 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली आहेत. विश्लेषणाला हात तिथून मिळू शकतील. नोंदी मात्र आपल्याच टेबलावर जन्मतील.

तेव्हा वाचकमित्रांनो, एक साधी वही घाला. तीव्र जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाचे वय, जुलाबाचे दिवस, ताप, रक्त आणि दिलेली औषधे लिहा. 3, 6 आणि 12 महिन्यांनी त्याला फोन करा आणि एवढेच विचारा: पोट ठिकाणावर आले का? पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या रुग्णापासून सुरुवात करा.