देवावर भार, हातीं कुदळ



परीक्षेचा निकाल लागून चार दिवस झाले होते. शाळा सुटली होती, आणि मी कपाटास कुलूप लावीत होतों, इतक्यांत एक बाई आपल्या मुलास घेऊन वर्गाच्या दाराशीं आल्या. मुलगा गणितांत नापास झाला होता. तो खालीं मान घालून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "मास्तर, वर्षभर हा पहांटे उठून अभ्यास करी, आणि रोज रात्रीं आम्हीं सर्वांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली. मग आमचें चुकलें कोठें? आमचा विश्वास उणा पडला काय?" मला त्या वेळीं धड उत्तर सुचलें नाहीं. 'पुढच्या खेपेस पाहूं' असें कांहीं तरी बोलून मीं वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरीं आला.

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशी मनुष्यास उद्देशून वापरतों. आळशी मुलाविषयीं मला फारसें लिहावयाचें नाहीं. आपण काय करीत आहों हें त्याचें त्यास पुरतें ठाऊक असतें. मला काळजी वाटते ती दुसऱ्या दोन प्रकारच्या माणसांची. एकास प्रार्थना म्हणजे आगाऊ दिलेलें मोल वाटतें. माल हातीं आला नाहीं म्हणजे तो देवाशीं हिशेब करूं लागतो. दुसऱ्यास वाटतें कीं, कष्ट केले म्हणजे यश मिळालेंच पाहिजे, आणि ज्यास तें मिळालें नाहीं त्यानें कष्ट केलेच नसावेत. बक्षीससमारंभांत आम्ही शिक्षकमंडळी हें दुसरें मत मोठ्या आवाजांत सांगतों. मला वाटतें, तें सांगणें आम्हीं थोडें आवरतें घ्यावें.

या विषयाचा विचार करूं लागलों कीं मला पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें. मिशनच्या शाळेंत हें नांव नवें नाहीं. परंतु उपासनेच्या वेळीं आपण त्यांची जी गोष्ट सांगतों ती बहुधा अर्धीच असते. बाई देवावर विसंबून राहिल्या आणि शेकडों मुलींचें पोट भरलें, इतकेंच आपण सांगतों. तें खोटें नाहीं. पण त्यांत कुदळ आणि विहीर यांचें नांव येत नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील व थोरली बहीण हालअपेष्टांत मरण पावलीं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचें धैर्य त्यांनीं त्या काळीं दाखविलें होतें. परंतु तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणाऱ्या त्या कुटुंबास निर्वाहाचा दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. जवळ होतें नव्हतें तें दानधर्मांत व अनुष्ठानांत संपलें, आणि मोलमजुरी करणें कुळाच्या अभिमानास रुचेना. रमाबाईंनीं स्वतःच हें पुढें लिहून ठेविलें आहे. (ही गोष्ट केवळ एका धर्माच्या घराची आहे असें कोणीं समजूं नये, खाटलें ख्रिस्ती घरांतही असतेंच.) पुढील आयुष्यांत त्यांनीं मुलींच्या हातांस काम शिकविण्याचा जो ध्यास घेतला, त्याचें मूळ मला तरी येथेंच दिसतें.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें मदत देण्याचें कबूल केलें होतें. त्यानंतर काय, हा प्रश्न रमाबाईंनीं देवापुढें मांडला. पण मांडून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं केडगांवास जमीन घेऊन तींत फळझाडें लाविलीं. आज लाविलेल्या झाडास उद्यां फळ येत नाहीं, हें त्यांस कळत होतें. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपासमार म्हणजे काय, हें त्यांस कोणीं सांगावयास नको होतें. पुण्यांत प्लेग, सरकारी निर्बंध, सदनांत नव्यांस जागा नाहीं. अशा वेळीं ती झाडांसाठीं घेतलेली जमीनच या अनाथ मुलींचें घर झाली. तेथें विहिरी खणल्या गेल्या, छपरें उभीं राहिलीं. मुली शेतांत राबूं लागल्या, विणूं लागल्या, पुढें छापखानाही चालवूं लागल्या. यांतील प्रार्थना कोठें संपली व काम कोठें सुरू झालें, तें मला तरी दाखवितां येणार नाहीं.

उतारवयांत रमाबाईंनीं सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यांतल्या बाईलाही समजेल अशी मराठी त्यांस हवी होती. मुक्तीच्याच छापखान्यांत तेथल्याच स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले. काम चालू असतां १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. आईच्या मागें मुक्तीचा कारभार पाहावयाचा तो तिनेंच, असें घरींदारीं सर्वजण धरून चालले होते. रमाबाईंनीं भाषांतर सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः निवर्तल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. तें पाहावयास त्या नव्हत्या. आतां, त्यांचा विश्वास उणा पडला म्हणून मनोरमा गेली, असें म्हणण्याचें धाडस आपल्यापैकीं कोणी करील काय?

शेतकऱ्याच्या मुलांस हें समजावून सांगावें लागत नाहीं. बाप मृगांत पेरणी करतो, पाऊस ओढ देतो, आणि बियाणें मातींत जळून जातें. गांवांत कोणी त्यास म्हणत नाहीं कीं तुझी भक्ति कमी पडली, किंवा तूं नांगर नीट धरला नाहींस. तोही पुढच्या वर्षीं ढगांवर रुसून नांगरट टाळीत नाहीं. शहरांत राहूं लागल्यावर ही समजूत आपण कोठें हरवून बसतों, न कळे. शास्त्रांतील नहेम्याची गोष्ट मुलांनीं वाचली असेल: यरुशलेमेचा तट बांधतांना शत्रूचें भय होतें, तेव्हां त्या लोकांनीं देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसविला. त्यांपैकीं कोणासही पहारा बसविणें हा अविश्वास वाटला नाहीं.

आतां त्या मुलाकडे वळतों. कांहीं दिवसांनीं मीं त्यास वह्या घेऊन बोलाविलें. वह्या स्वच्छ होत्या, अक्षर वळणदार होतें, आणि पुस्तकांतलीं सोडविलेलीं उदाहरणें त्यानें शब्दशः पाठ केलीं होतीं. आंकडे बदलून एक उदाहरण घातलें, तेव्हां पेन्सिल थांबली. त्यास अपूर्णांकांची बेरीजच येत नव्हती. ती पांचवींत असतांनाच हुकली होती. पहांटेचे ते सगळे तास त्या मुलानें प्रामाणिकपणें, पण भलत्याच जागीं खर्च केले होते. त्यास तें कळावें कसें? तें पाहणें माझें काम होतें. आईनें प्रार्थना केली, मुलानें पहांट केली, आणि वर्षभर त्याच्या गणिताची वही मीं केवळ सही करण्यापुरती उघडली होती. त्या बाईंनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या घरांत नव्हतें, तें माझ्या टेबलावर होतें.

मीं हें त्यांस सांगितलें. त्या रागावल्या नाहींत, क्षणभर थांबून त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग आतां कोणत्या दिवशीं पाठवूं?"

तेव्हांपासून दर शनिवारीं तो येतो. आम्ही अपूर्णांकांपासून आरंभ केला आहे. बाई बाहेर ओसरीवर बसून असतात. त्यांचे ओठ हलत असतात, आणि हातांत कांहीं तरी शिवण असतें. फेरपरीक्षेस अद्याप सहा आठवडे आहेत.