हेल्मेटमधले गाणे आणि कानाचा हिशेब

मोटारसायकल चालवताना गाणी ऐकण्याची हौस वसई-विरार पट्ट्यात आता नवी राहिलेली नाही. एमएच-४८ पाटीची बुलेट, तिचा मूळचा सायलेन्सर काढून त्या जागी बसवलेला कर्णकर्कश 'इंदोरी', आणि हेल्मेटच्या अस्तरात दोन कानांपाशी दोन चपटे स्पीकर, असा सरंजाम घेऊन निघालेला तरुण अंबाडी रोडवर, नालासोपाऱ्यात किंवा अर्नाळ्याच्या वाटेवर हमखास दिसतो. लोक विचारतात, एवढ्या फटफटाटात याला गाणे ऐकू तरी कसे येते? प्रश्न रास्त आहे. गाणे ऐकू येते, पण त्याची किंमत कान मोजतात.

गाण्याला माझा विरोध नाही. लग्नातला बँड, देवळातले भजन, चर्चमधले गायनवृंद यांच्यात वाढलेल्या या मुलखात गाण्याला विरोध करणारा डॉक्टर टिकायचा नाही. माझे म्हणणे वेगळेच आहे. हेल्मेटमधल्या गाण्याचा आवाज किती ठेवायचा, हे आपण ठरवतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आपल्या गाडीचा गोंगाट ठरवतो. गोंगाट कमी झाल्याशिवाय गाणे कमी होत नाही, आणि गाणे कमी झाल्याशिवाय कान वाचत नाहीत.

हे कसे होते ते पाहू. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. पिठाच्या गिरणीत दोन माणसे ओरडून बोलतात ती याचमुळे. त्यातही खर्जातला जड आवाज आपल्याहून वरच्या पट्टीतले आवाज अधिक झाकतो. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर त्यात सेकंदाला २५ स्फोट होतात. हा ठोका खर्जातला. हेल्मेटचे कवच व आतला फोम वरच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण खर्जातली घरघर फारशी अडवत नाहीत. म्हणजे गाणे झाकणारा आवाज तेवढा आत येतो. मग स्वाराचे बोट आपोआप आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जाते.

हायवेवर यात वाऱ्याची भर पडते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास भरतो, असे मोजमापांत आढळले आहे. वेग वाढेल तसा तो वाढत जातो. इंग्लंडमधील बाथ येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, हेल्मेटच्या हनुवटीकडचा भाग व त्याखालची पोकळी हे या आवाजाचे एक मोठे उगमस्थान आहे. तेव्हा गाडी कितीही शांत असली तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कानाला विसावा नसतो. मात्र गावातल्या रस्त्यावर, ताशी पंचवीस-तीसच्या वेगात, वारा फार गरजत नाही. तिथे गोंगाट करतो तो सायलेन्सर, आणि तो आपल्या हातातला आहे.

आता हिशेब मांडू. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, आणि कान तो सुरक्षितपणे सोसू शकेल तो वेळ निम्म्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालेल. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला ४ तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्याला अवघी २० मिनिटे.

समजा, विरार फाट्यावरून अंधेरीला कामाला जाणाऱ्याला एका फेरीला दीड तास लागतो आणि गोंगाटावर मात करण्यासाठी त्याने गाणे ९५ डेसिबलवर ठेवले आहे. या पातळीला आठवड्याची मर्यादा सुमारे सव्वा तासाची. म्हणजे सोमवारी सकाळी अंधेरी येण्याआधीच त्याचा आठवड्याचा कोटा संपला. परतीची फेरी आणि पुढचे पाच दिवस उधारीवर, आणि ही उधारी फेडता येत नाही.

फेडता न येण्याचे कारण कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार केसपेशी असतात. आवाजाचे कंपन याच पेशी मेंदूकडे पोहोचवतात. जोरदार आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. कातडी भरून येते, हाड जुळून येते. माणसाच्या कानातली केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाही. गोंगाटाने होणारे नुकसान सहसा ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत सुरू होते. तिथे स, श, थ, फ यांसारख्या वर्णांची सूक्ष्म फूत्कारे असतात. त्यामुळे सुरुवातीला माणूस बहिरा होत नाही, तर त्याला शब्द अर्धवट कळू लागतात. दुकानदार 'साठ' म्हणतो आणि याला 'आठ' ऐकू येते.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे उदाहरण देतो. घरोघरी पार्सल पोचवण्याचे काम, दिवसाचे आठ-नऊ तास गाडीवर, हेल्मेटमध्ये स्पीकर. आई बळेच घेऊन आली होती. "डॉक्टर, मला ऐकू येतं हो, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असे तो म्हणाला. श्रवणचाचणीच्या आलेखात दोन्ही कानांची रेघ ४००० हर्ट्‌झपाशी खाली घसरली होती. वय २६. "औषध द्या ना काहीतरी," आई म्हणाली. या नुकसानीवर औषध नाही, हे वाक्य एखाद्या आईला सांगणे सोपे नसते. उरले आहे ते राखणे, एवढेच हाती असते.

कानापलीकडेही धोका आहे. मागच्या टँकरचा हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा, बाजूने येणाऱ्या रिक्षाची चाहूल हे सारे त्याच गोंगाटात आणि गाण्यात बुडते. काही जण म्हणतात, सायलेन्सरचा आवाज मोठा असला की इतर वाहने सावध होतात. हा युक्तिवाद मला पटत नाही. धुराड्याचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा पुढून किंवा बाजूने येतो. काचा बंद करून बसलेल्या पुढच्या ट्रकचालकाला तो आवाज वेळेवर पोहोचेल याची काय हमी? तो खात्रीने पोहोचतो तो रस्त्याकडेच्या घरांत, जिथे कोणी आजारी असते, कोणाचे तान्हे बाळ नुकतेच झोपलेले असते.

कायदा काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. १७५ सीसीवरील नव्या दुचाकीचा आवाज कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलहून अधिक नसावा, असा दंडक २००५ पासून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनंतर ध्वनीची मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाबद्दल १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र करण्याची तरतूद आहे. पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. हे चांगलेच झाले. पण असे सायलेन्सर उघडपणे विकणारी दुकाने व ते बसवून देणारी गॅरेजे यांना हात लावल्याशिवाय हे थांबणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्याने व परिवहन कार्यालयाने मिळून हे मनावर घ्यावे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. पहिली गोष्ट, गाडीला कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवा. गावातल्या वेगात गाण्याचा आवाज तेवढ्यानेच खाली आणता येईल. दुसरी, निघण्यापूर्वी इंजिन बंद असताना गाणे सुखद वाटेल इतपत ठेवा आणि वाटेत ते वाढवू नका. ऐकू येईनासे झाले तर बंद करा. आपला आवाज जास्त आहे का, हे ओळखण्याची साधी खूण अशी: सिग्नलला किंवा कोंडीत थांबून इंजिन बंद केल्यावर तेच गाणे कानठळ्या बसवत असेल, तर रस्ताभर ते तितकेच मोठे होते. तिसरी, हायवेवर गाणे नकोच. उलट लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालावेत. कामासाठी पत्ता सांगणारा आवाज ज्यांना लागतोच, त्यांनी तेवढाच ठेवावा आणि हलका ठेवावा.

हेल्मेट मात्र कोणत्याही कारणाने काढू नका. कानाआधी डोके वाचले पाहिजे. स्पीकर बसवण्यासाठी आतला थर्माकोल कोरूनही घेऊ नका. अपघातात धक्का पिणारा थर तोच आहे. गाडीवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजणे, कापूस घातल्यासारखे वाटणे, घरातल्यांनी टीव्ही कमी करा म्हणणे ही लक्षणे दिसल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, त्यात उशीर महागात पडतो.

मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या पालकांना एक विनंती. गाडीचा विमा, पीयूसी आपण तपासता. एकदा ती चालू करून तिच्या मागे उभे राहा. तिथे बोलण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर किल्ली परत देण्याआधी गाडी गॅरेजात न्या.