मोजलं काय, पाणी की वारा?

शिक्षक मित्रांनो, समुद्राच्या पृष्ठभागावरचा प्रवाह मोजायला काय लागतं? तरंगणारी वस्तू आणि ती कुठे पोचली हे कळवणारं जीपीएस. पण नुसती बाटली सोडली तर तिच्या पाण्याबाहेरच्या भागाला वारा ढकलतो. मग आपण मोजलं काय?

अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाच्या गटाने यासाठी छोटं, स्वस्त ‘ड्रिफ्टर’ बनवलं. वर कड्यासारखा तरंगणारा भाग, खाली फुलीसारख्या बसवलेल्या दोन फळ्या, साधारण ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत. फळ्यांना पाणी ओढून नेतं, वाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. परत गोळा करायचं नसल्यामुळे बरंचसं साहित्य कुजणारं. आधी वारा-लाटांच्या टाकीत चाचण्या झाल्या, मग २०१६ च्या सुरुवातीला मेक्सिकोच्या आखातात अशी सुमारे १००० ड्रिफ्टर सोडली. हिवाळी वादळांत बऱ्याच जणांच्या फळ्याच तुटून गेल्या! अशी ड्रिफ्टर वाऱ्याबरोबर जास्त भरकटतात. म्हणून कोणाच्या फळ्या कधी तुटल्या, हे नोंदींवरून शोधून काढावं लागलं.

आपल्या विज्ञान प्रदर्शनात असं मोडकं उपकरण आपण मांडू देतो का? नंबर येतो तो चकचकीत थर्माकोलच्या मॉडेलचा (बहुधा बाबांनी रात्री जागून केलेल्या). माझं स्पष्ट मत आहे, निम्मे गुण चाचणीच्या वहीला द्या.

पालकहो, उथळ पाटात, स्वतः सोबत राहून, एक रिकामी आणि एक जवळजवळ भरलेली बाटली सोडा. दहा मीटरला किती सेकंद लागले ते मुलांनाच लिहू दे. वारा पडला की पुन्हा सोडा. आणि बाटल्या परत आणा बरं का, त्या कुजत नाहीत.